चार बोटं रुंदीचा कमरपट्टा

लेकीच्या कमरेचं माप मी वाळत घातलेल्या जीन्सवरून सांगितलं. टेपबीप काही लावली नाही. ढोकीतल्या आमच्या घरामागं तारेवर तिची निळी जीन्स उलटी करून टाकलेली होती. आतल्या चिठ्ठीवर आकडा होता, तीस. माझ्या पँटीवर अडतीस असतं आणि माझी कंबरही अडतीसच भरते. हिशोब सरळ वाटला. फोन कानाला होताच. म्हणालो, "तीस लिहा, विहीणबाई. बरोबर तीस."

पलीकडून ईट गावाहून लेकीची होणारी सासू बोलत होती. ती बाई घरी शिलाई करते आणि तिच्या हातच्या ब्लाऊजला त्या पंचक्रोशीत मान आहे. साखरपुड्याच्या साडीवर घालायला सुनेसाठी कमरपट्टा ती स्वतः शिवत होती, साडीच्याच रंगाच्या जरीच्या कापडाचा. मापाचं ब्लाऊज आमच्याकडून आधीच गेलं होतं, कमरेचं तेवढं राहिलं होतं. वर तिनं बजावलं की पोरीला कळू देऊ नका, ताटात साडीवर ठेवून अचानक द्यायचाय. बायको बेंबळीला माहेरी आमंत्रण द्यायला गेलेली, लेक धाराशिवला तिच्या लॅबोरेटरीच्या नोकरीवर. घरात शहाणा मी एकटाच. आयुष्यात पहिल्यांदा एक गुपित पोटात ठेवलं आणि त्याचा मला भारी अभिमान वाटत होता.

आता लेकीबद्दल सांगायला पाहिजे. ती आईच्या वळणावर गेलीय. उंची बेताची, अंग भरलेलं, चेहरा हसरा. आम्हाला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही. पण आदल्या वर्षी एका स्थळानं मधल्या माणसाकडून निरोप धाडला होता की पोरगी गुणी आहे, पण बुटकी आणि गोल आहे, जोडा शोभायचा नाही. मधल्या माणसानं तो निरोप आमच्या ओसरीवर चहा पीत जसाच्या तसा सांगितला. लेक आत कपबशा विसळत होती. तिनं ऐकलं, हे आम्हाला त्या दिवसापासून ठाऊक आहे. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही, हेही.

बोलली नाही, पण आरशाचा अभ्यास मात्र तिनं केला. एकदा धाराशिवला कुर्त्यावर लावायचा पट्टा घ्यायला मला सोबत घेऊन गेली. मला वाटलं पट्टा म्हणजे पट्टा, पँट घसरू नये म्हणून लावायची वस्तू. दुकानात तिनं एकामागून एक लावून बघितले. एक काळा, चांगला रुंद, पुढं ताटलीएवढं बक्कल. मला तोच भारदस्त वाटला, मी म्हणालो हाच घे. तिनं मला आरशापुढं उभं केलं आणि म्हणाली, "पप्पा, नीट बघा. कडब्याची पेंढी मधोमध आवळल्यावर दिसते का न्हाय, तशी दिसते मी यात." खरंच तशी दिसत होती, पण बापानं होय कसं म्हणायचं? मी कडब्याचा भाव काढला. मग तिनं बोटभर रुंदीचा, कुर्त्याच्याच रंगाचा, बारीक बकलाचा एक पट्टा उचलला आणि कंबरेच्या जरा वर, बरगडीखाली बांधला. पुढं लोंबणारं टोक आत खोचलं. काय झालं कोण जाणे, पोरगी उंच झाली. ती म्हणाली, वेगळ्या रंगाचा रुंद पट्टा माणसाचे दोन तुकडे करतो, आणि आधीच तुकडा लहान असला की त्याचे दोन करून चालत नाहीत. दुकानदार हसला. मीही हसलो. ती हसत नव्हती.

हे सगळं मला ईटचा फोन आला तेव्हा आठवायला पाहिजे होतं.

साखरपुडा आमच्या दारात, मांडव घालून. पाहुणे दोन गाड्यांतून आले. आमच्याकडं मुलीनं आधी घरची साडी नेसून पाटावर बसायचं, कुंकू लावून सासरची साडी तिच्या ओटीत द्यायची, मग ती आत जाऊन तीच साडी नेसून परत यायची आणि पुढचे विधी त्या साडीत. मधला वेळ पाहुण्यांनी सरबत पीत मुलीच्या बापाकडं बघण्यात घालवायचा.

विहीणबाईंनी साडी दिली, मोरपंखी रंगाची. तिच्यावर घडी घातलेला पट्टा होता. त्यांनी तो सगळ्यांना दिसेल असा उलगडून दाखवला. चार बोटं रुंद, त्याच रंगाचा, कडेला मोत्यांची ओळ, मागं हूक. बायका वा वा म्हणाल्या. मुलाची आत्या माझ्या मागंच बसली होती. तिनं शेजारणीला सांगितलं की वहिनी रात्री डोळ्यांत तेल घालून हे मणी ओवत होत्या. मी लेकीच्या तोंडाकडं बघितलं. ती हसत होती, पण नजर पट्ट्याच्या रुंदीवर होती. तेव्हा मला पहिल्यांदा दुकानातला तो काळा पट्टा आठवला.

ती आत गेली. सोबत तिची आई. आणि बाहेर येईनात.

सरबत संपलं. चिवडा फिरला. मुलगा बिचारा फेटा सावरत पाटावर बसलेला. आत्यानं दोनदा हाक मारली, काय गं, साडी विणायला बसलात का. लोक हसले. तेवढ्यात दार बोटभर उघडलं आणि बायकोनं मला बोलावलं. हाक नाही मारली, नुसतं बघितलं. तिचं तसलं बघणं लग्नापासून मोजून तीनचार वेळा झालंय, आणि त्यातल्या एकदा छपराला आग लागली होती.

आत लेक साडी नेसून पलंगाच्या कडेला उभी. पट्टा कंबरेभोवती, पण मागं हूक आणि फाश्यात चांगलं तीन बोटं अंतर. बायको दोन्ही हातांनी टोकं ओढत होती. लेकीनं श्वास आत घेतला, अंतर एक बोट कमी झालं. श्वास सोडला, परत तेवढंच.

"माप कुणी दिलं?" बायकोनं विचारलं.

मी जीन्सचं सांगितलं. दोघी माझ्याकडं बघत राहिल्या. मग लेकीनं मला समजावलं की ती जीन्स ताणणारी आहे, कमरेच्या खाली बसते, आणि आत्ता अंगावर परकर आहे, साडी आहे, निऱ्यांची ही एवढी गादी आहे. मी ऐकून घेतलं. आता ते ज्ञान काय कामाचं?

बायकोनं उपाय काढला. परकराची एक जुनी नाडी आणली. मागं दोन्ही टोकं नाडीनं बांधायची, वरून पदर सोडायचा. कुणाला दिसणार नाही. मला तो उपाय इतका आवडला की मी लगेच बाहेर जायला वळलो.

लेक म्हणाली, "नाडी नको."

आईनं समजावलं. त्या बाईनं डोळे फोडून शिवलंय, न्हाय घातलं तर काय वाटंल. तासाभराचा प्रश्न. वाकताना जरा जपून वाक. बाहेरून आत्याची तिसरी हाक आली. या वेळी कुणी हसलं नाही.

"आज नाडी बांधली तर त्यांना वाटंल माप बरोबर हाय," लेक म्हणाली. "मग लग्नातला बी तीसचाच येईल. परकर तीसच्या हिशोबानं, सगळं तीसच्या हिशोबानं. मी कुठवर नाड्या बांधू, मम्मी?"

बायकोनं नाडी पलंगावर ठेवली. लेक माझ्याकडं वळून म्हणाली, काकूंना आत बोलवा. काकू म्हणजे विहीणबाई.

मला तिथंच बसावंसं वाटलं. एक स्थळ अंगकाठीवरून मोडलेलं. हे दुसरं दारात बसलंय, फेटा बांधून. आणि मी जाऊन सांगायचं की तुम्ही शिवलेलं आमच्या पोरीला बसत नाही? ते म्हणतील, बघा, आत्ताच खोड निघाली. किंवा काहीच म्हणणार नाहीत आणि गाड्या काढतील. पण लेकीनं पट्टा काढून हातात घेतला होता आणि ती माझ्याकडं बघत नव्हती, दाराकडं बघत होती.

मी मांडवात गेलो. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून सावकाश चाललो, त्यामुळं सगळ्यांच्या लक्षात आलं. विहीणबाईंजवळ वाकून म्हणालो की जरा आत येता का, काही झालं नाही. 'काही झालं नाही' हे मी जरा मोठ्यानंच म्हणालो असणार, कारण व्याही सरबताचा ग्लास ठेवून उठून उभे राहिले.

विहीणबाई आत आल्या. लेकीच्या हातात पट्टा बघून त्यांचा चेहरा उतरला. "तीसच सांगितलं होतं की," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडं बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं.

"माप पप्पांचं चुकलं," लेक म्हणाली. "पण काकू, माप बरोबर असतं तरी एक सांगायचं होतं. मी बुटकी हाय, अंगानं हाय. एवढा रुंद पट्टा मला न्हाय शोभत. बारीक असला तर शोभतो. तुम्ही लई जीव लावून केलाय. म्हणून नाडी बांधून तसंच यायचं न्हाय वाटलं."

बायकोनं डोळे मिटून घेतले. स्वतःला बुटकी म्हणून घेतलेलं मी लेकीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो, आणि तेही कुणापुढं, तर सासूपुढं.

विहीणबाई पलंगावर बसल्या. पट्टा मांडीवर घेतला, उलटा केला, सुलटा केला. मोत्यांच्या ओळीवरून अंगठा फिरवला. बाहेर व्याह्यांचा खोकला ऐकू येत होता. मला वाटलं, आता उठतील. उठतील आणि सरळ गाडीकडं जातील.

"कात्री हाय का घरात?" त्या म्हणाल्या.

मी धावलो. कात्री कुठं असते हे मला त्याच घरात राहूनही माहीत नाही. परसात गेलो आणि हाताला लागली ती डाळिंबाची छाटणी करायची कात्री घेऊन आलो. माती लागलेली. विहीणबाईंनी ती बघितली, मग मला बघितलं. बायकोनं शिवणाच्या डब्यातली कात्री काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी खालची शिवण उसवली, पट्टा लांबीच्या दिशेनं मधोमध धरला आणि कापायला लागल्या. जरीचं कापड कापताना कर्रकर्र आवाज होतो. तो मला अजून ऐकू येतो. चार बोटांचा पट्टा दोन बोटांचा झाला. उरलेल्या अर्ध्यातला तुकडा मागं जोडायला लागल्या. लेक खाली बसून मणी गोळा करत होती. मला बाहेर जायला सांगितलं.

बाहेर मी पाहुण्यांपुढं उभा राहिलो आणि ऊसतोडीवर बोललो. कुणी विचारलं नव्हतं. टोळ्या यंदा कशा उशिरा आल्या, ट्रॅक्टर रस्त्यात कसे फसले, सगळं सांगितलं. व्याही हूं हूं करत होते आणि दाराकडं बघत होते. मीही दाराकडं बघतच बोलत होतो, त्यामुळं एक ट्रॅक्टर दोनदा फसला.

दार उघडलं. लेक पुढं, विहीणबाई मागं. पट्टा दोन बोटांचाही नव्हता, कड आत मुडपून दीडच राहिला होता. साडीच्या रंगात रंग मिळालेला, कंबरेच्या जरा वर. पोरगी वाकली, पाटावर बसली, उठली, सगळ्यांच्या पाया पडली, आणि एकदाही हात मागं गेला नाही.

आत्या गप्प बसणारी नव्हती. पट्टा एवढासा कसा झाला म्हणून तिनं विचारलंच.

"तिच्या मापाचा हाय," विहीणबाई म्हणाल्या.

त्या हसल्या मात्र नाहीत. जेवतानाही फार बोलल्या नाहीत. कापलेला उरलासुरला भाग घडी करून पर्समध्ये घातला, तो मी पाहिला. इतक्या दिवसांच्या मेहनतीवर कात्री चालवल्यावर माणूस लगेच कसं हसेल? पण निघताना गाडीपाशी थांबून त्यांनी लेकीला सांगितलं की लग्नाचं काय लागंल ते तू मला फोन करून सांग. तू. मी शेजारीच उभा होतो, तरी माझ्याकडं बघितलं नाही.

संध्याकाळी मांडवातल्या खुर्च्या आम्ही दोघं एकात एक घालत होतो. लेक आत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी बायकोला म्हणालो, चुकलं माझं, पण निभावलं ना. तिनं हातातली खुर्ची चळतीवर घातली. मग कंबर सरळ करून म्हणाली, "आपल्या लग्नात तुमच्या आईनं मला चांदीचा कमरपट्टा घातला होता. त्यो बी बसत नव्हता. म्या कुणाला सांगितलं न्हाय. तुटंल म्हणून दिवसभर एक घास खाल्ला न्हाय. आज पोरीनं शेंगाची पोळी दुसऱ्यांदा मागून घेतली, सासूच्या शेजारी बसून. तेवढं बघितलं का तुमी?"