काळ्या मुंगीचा दाणा

चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला परदेशातल्या एखाद्या पुराणकथेवर शाईचं चित्र काढायचं होतं. मी अ‍ॅझ्टेक लोकांची कथा धरली. मेक्सिकोतल्या या जुन्या लोकांचा एक देव म्हणजे पिसांचा साप. माणसं उपाशी होती आणि मका एका डोंगराच्या पोटात बंद होता. आत जायची वाट फक्त लाल मुंग्यांना ठाऊक. मग देव काळी मुंगी झाला, त्यांच्या मागोमाग आत शिरला आणि दाणा घेऊन बाहेर आला. लायब्ररीत हे वाचलं आणि मी बसल्या जागी उडालेच. एवढा मोठा देव, अन् मुंगी होतो! आमच्या फुलंब्रीकडं मका म्हणजे रोजचं काम. ही गोष्ट माझीच आहे, असं वाटलं.

सर म्हणाले, "बघ हं. अ‍ॅझ्टेक म्हटलं की सगळे पुस्तकातल्या कवट्या आणि पिसं उतरवतात. नक्कल दिसली तर पास करणार नाही."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. नापास होऊन गावात एसटीतून उतरायची माझी तयारी नव्हती.

तीन आठवडे रोज कॉलेजातून घरी आले की मी त्या चित्राला चिकटायचे. टाक शाईत बुडवायचा, बाटलीच्या काठाला निथळायचा, श्वास रोखून रेघ ओढायची. डोंगर नुसत्या बारीक रेघांचा. लाल मुंग्या आडव्या रेघांच्या, एकच मुंगी ठार काळी, तिच्या पाठीवर केसाएवढी पिसं. प्रत्येकीच्या तोंडात मक्याचा पांढराशुभ्र दाणा. पिसं जमली तेव्हा ओसरीत मी एकटीनंच टाळ्या वाजवल्या.

सोमवारी चित्र द्यायचं होतं. रविवारी सकाळी माय बियाण्याची कणसं सोलत बसली होती. मी चित्र तिच्यासमोर धरलं.

"लई मुंग्या काढल्यास गं. डोळे हायेत का गेले?" मग तिनं गोष्ट ऐकून घेतली. "म्हंजी देवानं चोरी केली व्हय? अन् तो दाणा माणसांनी पेरला?"

"व्हय. त्यातूनच सगळा मका आला."

"मग उगवला कसा?"

"कसा म्हणजे?"

ती उठली. कोपऱ्यात मुंग्यांच्या बिळाशी पडलेले चार दाणे आणून तिनं माझ्या तळहातावर टाकले. प्रत्येकाच्या टोकाशी भोक.

"मुंगी आधी कोंब खाती. असला दाणा पेरून कायबी येत नाय. कॉलेजात एवढंबी शिकवत नायत?"

मी मक्यात वाढले आणि दाणे मात्र पुस्तकातल्यासारखे मोत्यांचे काढले! शाई काही खोडता येत नाही. पण भोक काळंच असतं की! मी तिथंच मांडी घालून बसले आणि लाल मुंग्यांच्या एकेका दाण्याच्या टोकाला टाक टेकवत गेले. काळ्या मुंगीचा दाणा तेवढा सोडला, त्यात दोन रेघांचा कोंब काढला. आधी देव गर्दीत हरवत होता, आता नजर थेट त्याच्या दाण्यावर जायची.

सोमवारी सरांनी भिंग लावलं.

"सगळ्या दाण्यांना भोकं, याला नाही. कुठल्या पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकात नाही, सर. माझ्या आईनं सांगितलं." आणि मी बिळापासून सगळं सांगून टाकलं.

सरांनी भिंग खाली ठेवलंच नाही. मागं वळून वर्गाला हाक मारली, "या रे सगळे इकडं. याला म्हणतात स्वतःचं चित्र."

पदवीचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून दर्शनी भिंतीला लावलंय. लपवायचं काय त्यात? शेजारी ते चित्र आहे. पण घरी कुणी आलं की माय सर्टिफिकेटाकडं बघूही देत नाही. पाहुण्याला चित्रासमोर उभं करते अन् विचारते, "सांगा बरं, यातला कोणता दाणा उगवंल?"