सेलियाची मोटार, मॅनसच्या हाती

मॅनस क्रॉसनसारखा ताठ मानेचा माणूस आमच्या डोनेगॉलच्या टेकड्यांत दुसरा नव्हता. घोड्यावर बसला, तर घोड्यानंच त्याचे आभार मानावेत, असा त्याचा थाट. पण त्याच्या दारातली काळी मोटार मात्र बायकोची, सेलियाची होती. सेलिया आमची नर्स. तिच्या मोटारीचा आवाज आला की रस्त्यातल्या गाईसुद्धा आपणहून कडेला होत. कुणाच्या तरी घरी बाळ यायचंय हे त्यांनाही ठाऊक.

घोटाळा एवढाच, की ग्लासगोला राहणाऱ्या बहिणीला, ऊनाला, मॅनसनं दर नाताळात लिहिलं होतं, ‘माझी मोटार झकास चालते.’ आता अकरा वर्षांनी ऊना बोटीनं डेरीला उतरणार होती. डेरी सीमेपलीकडे. आणि सीमेवरच्या कस्टम नाक्यावरून दुसऱ्याची मोटार न्यायची, तर मालकाची चिठ्ठी लागे.

“चिठ्ठी कशाला? नवरा आहे मी तुझा!”

“नवरा आहेस, मालक नाहीस,” म्हणत सेलियानं पेन उचललं.

सामान उचलायला शेजारी म्हणून मी सोबत गेलो. नाक्यावर कस्टमच्या हेगार्टीनं चिठ्ठी उलगडली आणि मागच्या सायकलवाल्यांनाही ऐकू जाईल अशी वाचली: “‘माझ्या नवऱ्याला डेरीपर्यंत मोटार नेऊ द्यावी. त्याला ती मागे घेता येत नाही, तरी कृपया पुढे जागा ठेवावी.’”

सायकलवाले खिदळले. मॅनसचे कान लाल.

“हेगार्टी, येताना बहीण असेल. तेव्हा वाचू नकोस रे.”

“चिठ्ठी दोन्ही वेळा बघावीच लागते, मालक.”

“बघ की! वाचू नकोस.”

“मला मनातल्या मनात वाचता येत नाही.”

डेरीच्या धक्क्यावर ऊना उतरली ती पिसांची हॅट घालून. मॅनसनं कमरेत वाकून दार उघडलं. “ही तुझी?” तिनं विचारलं. “हं,” तो म्हणाला, तेही स्टिअरिंगकडे बघून.

फॉइल नदीच्या काठानं परत निघालो. ओहोटी लागली होती, चिखल चांदीसारखा चमकत होता, आणि ऊना काचेला नाक लावून बसली होती. नाका जवळ येऊ लागला तशी मोटार इतकी मंदावली, की एक गाढवाची गाडी आमच्या पुढे गेली.

हेगार्टीनं हात पुढे केला. घसा साफ केला.

मॅनसनं चिठ्ठी दिली नाही. मुठीतच धरून ठेवली.

“ऊना, मोटार सेलियाची आहे,” तो एका दमात म्हणाला. “चालवायलाही तिनंच शिकवलं. मागे घ्यायची अजून शिकवायचीय.”

हेगार्टीचा साफ केलेला घसा वाया गेला. तो उगाच खोकला.

ऊनानं हळूच हॅट काढली. “मी लिहिलं होतं ना, चौदा खोल्यांच्या घरात राहते?”

“हो. मग?”

“चौदाच आहेत. रोज झाडते मी. आणि हॅट बाईसाहेबांची. सोमवारी परत द्यायचीय.”

मॅनस असा हसला, की त्याचा क्लचवरचा पाय सुटून इंजिन बंद पडलं. मागून भोंगे वाजू लागले. मी आणि हेगार्टी ढकलायला लागलो.

“मला शिकवेल का रे सेलिया?” ऊनानं डोळे पुसत विचारलं.

“तिलाच विचार,” मॅनस म्हणाला. “मोटार तिची आहे.”