श्वास सोडा, उपचार नाही

नलिनीताईंच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथासाठी लिहायचं बोलावणं आलं, तेव्हा माझं नाव चुकून तर आलं नाही ना, असं मी संपादकांना विचारून घेतलं. ताईंच्या सुकापूरच्या वर्गात मी आजवर व्यायाम केलेला नाही. मी दाराजवळ खुर्ची टाकून लक्ष ठेवतो. नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. तराजू दिसला की आधी पारड्याखाली हात घालून बघायचं, ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही.

ताईंची पहिली ओळख झाली तीही संशयातच. माझी पत्नी सुमन हिला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, केमो सुरू झाली आणि शेजारणीने या वर्गाचं सुचवलं. अशा आजारी माणसांसाठी बसल्या जागी हलका व्यायाम, श्वास, थोडी शांतता. आणि फी नाही. फी नाही म्हटल्यावर माझे कान टवकारले. काढेवाले, चूर्णवाले आजारी घराभोवती कसे घिरट्या घालतात, ते मी पाहिलं होतं. ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "डॉक्टरांना विचारून आलात ना?" मी मनात म्हटलं, या चांगल्याच मुरलेल्या दिसतात.

मग मी खिडकीतून पाळत ठेवली. ताई पूर्वी शाळेत व्यायाम शिकवायच्या, पण इथे शिट्टी नाही की दरडावणं नाही. आखडलेला हात बोटांनी हळूहळू भिंतीवर चढवायचा. कुणाला दम लागला तर ताई स्वतःच आधी थांबायच्या, म्हणजे तिला एकटीला थांबल्यासारखं वाटायला नको. "यानं मी बरी होईन का?" असं एकीने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. खांदा जरा मोकळा होईल, झोप बरी लागेल." खोट काही सापडेना. मी नाइलाजाने खिडकी सोडली आणि सुमनला फक्त पोहोचवायला-आणायला जाऊ लागलो.

एका मंगळवारी वर्गाहून आल्यावर मी दुसऱ्या दिवशीच्या केमोची पिशवी भरत होतो. सुमनचं माहेर करंजा, बोलणं अजून तिकडचंच. ती शांतपणे म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ती पिशवी. उद्या जायाचं नाय. बाय बोलल्या, आता सोडायचं. कायच धरून ठेवायचं नाय."

मी तिला घेऊन तसाच उलट पावली निघालो. ताई हॉलमध्ये सतरंज्या गुंडाळत होत्या. "तुम्ही हिला काय सोडायला सांगितलंत?" मी दारातूनच विचारलं.

"श्वास," त्या म्हणाल्या. "आणि खांदे." मग त्यांनी सुमनकडे पाहिलं आणि हातातली सतरंजी पुन्हा पसरली. "बसा. तुम्ही काय सोडताय, सुमनताई?"

सुमन रडायलाच लागली. "त्या सलायनीनं जीव नको होतो. तुमी सोडा बोललात, मला वाटलं, बायनीच मोकळं केलं."

माझा संशय चुकीच्या माणसावर होता, पण पोकळ नव्हता. ते सलाईन चुकलं असतं तर पुढची सगळी चुकली असती, कारण सुमन एकदा नाही म्हणाली की नाहीच. ताईंनी उपदेश केला नाही. "भीती वाटते ती वाटू दे. त्रास डॉक्टरांना सांगू, त्यावर औषध असतं. उद्या मी येते तुमच्याबरोबर," एवढंच म्हणाल्या. आणि आल्या. सुई टोचताना सुमनचा हात धरून त्या हळूच म्हणत होत्या, "सोडा... श्वास सोडा." मी पलीकडे उभा होतो. मला त्या बाईंविषयी इतकी माया वाटली की मला माझाच संशय आला.

तेव्हापासून ताई वर्गात नुसतं 'सोडा' म्हणत नाहीत. त्या "श्वास सोडा" म्हणतात आणि सगळ्या बायका एका सुरात पुरं करतात, "उपचार नाही." मी तेव्हापासून दाराजवळ बसतो. ताई मला 'आमचे निरीक्षक' म्हणतात. नव्या बाईला कुणी हळूच काढा सुचवू लागलं की त्या फक्त माझ्याकडे बघतात.

सुमनचे उपचार पूर्ण झाले. तपासणीचा रिपोर्ट चांगला आला की मी तो दुसऱ्यांदा वाचतो. ती हसते. भिंतीवर तिचा हात आता पार वरपर्यंत जातो.

गौरवलेखाच्या शेवटी शंभर वर्षांचं आयुष्य चिंतायचं असतं, पण ज्यांनी कधी कुणाला खात्री दिली नाही, त्यांना ती मी कुठल्या तोंडाने देऊ? वर्ग संपला की ताई प्रत्येकीचा हात धरून एकच वाक्य म्हणतात आणि तिने हो म्हणेपर्यंत तो सोडत नाहीत. तेच आज मी त्यांना म्हणतो, आणि उत्तराची वाट बघत दाराजवळ बसतो. ताई, पुढच्या मंगळवारी या.