दादांची सिंगल बेल

आधीच सांगून ठेवते, मी आठवीला विज्ञान शिकवते. अंगात आलेल्या बाईला "आधी पाणी प्या" म्हणणारी, रस्त्यातली लिंबू-मिरची ओलांडून शाळेत जाणारी बाई आहे मी. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव वाचायची तेही चहाबरोबर, हसायला. आज माझाच लिहायला बसलेय... हसायचं तर हसा.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, एसटीत कंडक्टर होते. बहुतेक नोकरी अहमदपूर-नांदेड गाडीवर गेली. रिटायर झाले आणि दुसऱ्याच वर्षी मायच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, कोमट पाण्यात व्यायाम करा, फरक पडेल. आता अहमदपूरच्या शेतात स्विमिंग पूल कुठून आणायचा? दादांनी घरामागच्या हौदालाच फरशी बसवली, उतरायला उतार केला, वर पत्रे टाकले. चारी बाजू मोकळ्या. माझा भाऊ सचिन हैदराबादला असतो, त्यानं गॅसवर चालणारा पूल हीटर पाठवला. गावातले लोक म्हणायचे, कंडक्टरनं बायकोसाठी फाइव्ह स्टार हॉटेल बांधलं. दादा म्हणायचे, "हाव, बांधलं. तुमाला तिकीट न्हाई."

त्या हीटरची दादांनी गाडीच करून टाकली होती. आधी मोटर, मग पाणी फिरतंय का ते बघायचं. मग हीटरपाशी उकिडवं बसून जमिनीलगत वास घ्यायचा. "गॅस खाली बसतो, म्हणून आपुनबी खाली बसायचं." जाळ धरला नाही, तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबायचं. ती पाच मिनिटं घड्याळात बघायची नाहीत. अहमदपूर... माळाकोळी... लोहा... सोनखेड... कुठं कोण उतरायचं, कोणाच्या पिशवीत कोंबडी असायची, सगळं मायला सांगत नांदेडला पोचायचे आणि मगच पुन्हा बटण. पाणी अडतीस डिग्रीच्या वर जाऊ द्यायचं नाही आणि मायला वीस मिनिटांच्या वर पाण्यात ठेवायचं नाही.

आणि घंटी. एसटीत असते तसली घंटी जुन्या बाजारातून आणून त्यांनी पत्र्याखाली टांगली होती, तिची दोरी पाण्यावर लोंबायची. सिंगल बेल म्हणजे थांबा, हीटर बंद. डबल बेल म्हणजे जाऊ द्या. दादांचा हट्ट एकच - डबल बेल मायनं उजव्या हातानं द्यायची. रोज तिच्या मुठीत दोरी द्यायचे, रोज हात सुटायचा. "असू दे, आज गाडी लेट हाय," म्हणून मग स्वतःच ओढायचे.

मागच्या दसऱ्याच्या आधी दादा गेले. झोपेतच. मायनं पाण्यात उतरणंच सोडलं. जरा मोकळा झालेला हात पुन्हा आखडला, बोलणंही कमी झालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, असंच राहिलं तर हा हात गेला म्हणून समजा. डिसेंबरात मी रजा टाकून नांदेडहून आले. मायला पाण्यात उतरवायचंच, असं ठरवून.

थंडी मरणाची होती. आमच्याकडे लकव्याच्या माणसाला वाऱ्यापासून किती जपतात, विचारू नका... कानाला मफलर, खिडकीच्या फटीत चिंध्या. माझ्या डोक्यातही तेच, मायला वारं लागू नये. सोयाबीनच्या राशीवर झाकायची मोठी ताडपत्री काढली आणि पत्र्याखाली चारी बाजूंनी ताणून बांधली. दोरी कमी पडली, तर घंटीचीच सोडून वापरली. हीटर खांबाला लागून होता, तोही आत आला. म्हटलं बरंच झालं, ऊब राहील. जळायला ऑक्सिजन लागतो हे दरवर्षी फळ्यावर लिहिणारी मी!

सकाळचे दहा वाजले होते. बाहेर लख्ख ऊन. मोटर, पाणी, खाली बसून वास... सगळं दादांसारखं केलं. वास काही नव्हता, हीटर सुरू केला. माय उतारावरून पाण्यात बसली, मी काठावर पाय सोडून.

"लई कोंडल्यावानी झालं गं," माय म्हणाली.

"वारं लागण्यापेक्षा बरं. बस गुमान."

थोड्या वेळानं डोकं ठणकायला लागलं. वाटलं, चहा राहिलाय. मायचे डोळे मिटत होते. "झोप येऊन राहिली," ती म्हणाली. "येऊ दे की, गरम पाण्यानं येतेच," असं म्हणून मीही खांबाला टेकले. खरं सांगते, दादा गेल्यापासून इतकं निवांत मला कधीच वाटलं नव्हतं.

टण्ण.

एकदाच. मायनं डोळे उघडले. "बेल झाली. बंद कर."

सवयीनं उठले. बटण बंद केलं. सिलिंडर ताडपत्रीच्या बाहेर होता, तो बंद करायला बाहेर आले. गार हवा तोंडावर आली. मातीत बसून उलटी केली... आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला. श्वास रोखून आत घुसले, ताडपत्री खेचून दोन बाजू फाडल्या, मायला काखेत धरून उतारावरून ओढत उन्हात आणलं.

दोघी ओल्याचिंब, धापा टाकत बसलो. मी रडत होते. माय माझ्या पाठीवरून डावा हात फिरवत म्हणाली, "बरं झालं, तू घंटी वाजवली."

"मी? मला वाटलं तू वाजवली."

दोघींनी वर पाहिलं. घंटीला दोरीच नव्हती. ती तर मीच ताडपत्रीला बांधली होती. वाऱ्यानं वाजावी, तर वारं मी शिल्लक ठेवलं होतं कुठं?

अहमदपूरच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा वेळ आत राहिला असता तर दोघीही उठला नसता. लातूरहून मिस्त्री आला, त्यानं कपाळाला हात लावला. "मॅडम, हे मॉडेल उघड्यावरचंच असतंय. धूर वरच्या जाळीतून निघतो, त्याला जायला जागा पाहिजे. गळक्या गॅसचा वास येतो, ह्या विषारी धुराला वास नसतो." घंटीचं विचारलं तर म्हणाला, पितळ तापून फुगलं असेल. मी घंटी चुलीशेजारी टांगून तासभर बसले. सचिन फोनवर म्हणाला, "ताई, ताडपत्रीचा हिसका बसला असंल." मी पुन्हा ताडपत्री बांधून दुपारभर हिसके दिले. शेजारच्या शेतातले लोक काम सोडून बघत होते. घंटी वाजली नाही.

आठव्या दिवशी ताडपत्री काढून ठेवली, दोरी जागेवर बांधली. मिस्त्रीनं तो विषारी धूर ओळखणारा अलार्मही बसवून दिला. चारी बाजू मोकळ्या, माय उतारावर दोरीखाली बसलेली, कानाला मफलर. मोटर लावली, खाली बसून वास घेतला आणि विचारलं, "करू का सुरू?"

"डबल बेल कुठं झाली?" माय म्हणाली.

मी वर बघत थांबले. कबूल करते, घंटी आपोआप वाजेल म्हणून मी थांबले होते. विज्ञानाची बाई! माय माझ्याकडे बघून जरा हसली. दादा गेल्यावर पहिल्यांदाच.

"ते न्हाई वाजवायचे आता," ती म्हणाली. "डबल मलाच सांगून ठेवलेली हाय."

डाव्या हातानं तिनं उजवा कोपर उचलून धरला. बोटं दोरीवरून एकदा घसरली. मी पुढं झाले तर म्हणाली, "थांब." पुन्हा धरली. टण्ण. मग बराच वेळ गेला, माळाकोळीहून लोह्याला जावं इतका. दोरी तिनं सोडली नाही आणि मी पुढं झाले नाही.

टण्ण.

मी बटण दाबलं. आत जाळ धरल्याचा आवाज आला.

त्या दिवशीची सिंगल बेल कोणी दिली, मला अजूनही माहीत नाही. असा कोरा सोडलेला प्रश्न दिसला की मी पोरांना शून्य देते. पण डबल बेल मायनं दिली, उजव्या हातानं. तेवढं मी डोळ्यांनी पाहिलं.