भाकरीच्या गावची सून

माझं माहेर सोलापूरचं. तिकडे रोज भाकरी, पोळी सणावाराला. उभा जन्म दिल्लीत काढलेल्या माझ्या सासऱ्यांच्या लेखी हा गुन्हाच होता. सरकारी क्वार्टर सोडून आम्ही नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो, नवऱ्याला परदेशी कंपनीत नोकरी लागली, घरात वॉशिंग मशीन आलं. पण जेवणाच्या टेबलावर विषय एकच. माझी पोळी.

"ही पोळी आहे की ढाब्यावरची रोटी? घास खाली जात नाही." असं म्हणून ते छातीच्या मधोमध बोट दाबायचे, घटाघटा पाणी प्यायचे आणि ताट सरकवायचे. सासूबाई माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी पिठात वाळूच कालवली होती. मी दुधात कणीक भिजवली, तेल वाढवलं, पदर सुटतील अशा घडीच्या पोळ्या लाटल्या. उपयोग शून्य.

मी काही आंधळी नव्हते. पाव अडकायचा, सफरचंद अडकायचं. ते तर मी लाटलं नव्हतं! मऊ वरणभात तेवढा विनातक्रार जायचा. आडवे झाले की आंबट पाणी घशाशी यायचं. शर्ट अंगावर लोंबायला लागले होते. "डॉक्टरांना दाखवा," मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "अ‍ॅसिडिटी आहे यार, दिल्लीत कुणाला नसते?" आणि केमिस्टकडून पांढऱ्या औषधाची आणखी एक बाटली घेऊन आला. सासऱ्यांनी ऐकलं आणि ते गरजले, "स्वतःला पोळ्या येत नाहीत म्हणून मला आजारी ठरवते!"

मला त्या माणसाची चीड यायची. आणि तो डोळ्यांदेखत वाळत चाललाय याची भीतीही वाटायची.

दिवाळीला पुण्याहून नणंद आली. "बाबा, आज माझ्या हातच्या खा." पोळ्या सुंदर होत्या, कापसासारख्या, कबूल. सासऱ्यांनी मुद्दाम माझ्याकडे बघत घास घेतला, आणि तो तिथेच बसला. डोळे बाहेर आले, लाळ गळायला लागली, पाणी पाजलं तर तेही जसंच्या तसं परत. आणि नणंदबाई काय म्हणाल्या? "इथलं पीठच मेलं असलं!" मी कुणालाही न विचारता टॅक्सी स्टँडला फोन केला.

हॉस्पिटलात दुर्बीण घालून घास काढला. वर्षानुवर्षं वर येणाऱ्या आम्लाने अन्ननलिका पोळून आकसली होती. तपासायला घेतलेला तुकडा पुढे निर्धोक निघाला, नळी फुग्याने रुंद करता आली. गोळ्या नियमित घ्या, थोडं थोडं खा, जेवून लगेच आडवं होऊ नका, पलंग उशाकडून उंच करा, असं डॉक्टरांनी बजावलं. गिळताना अडकतं म्हटल्यावर बाटल्या पीत बसायचं नसतं, लगेच यायचं असतं, हे त्यांनी नवऱ्याकडे बघून सांगितलं. मला फार बरं वाटलं.

मग त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "कब से अटक रहा है?"

सासरे छताकडे बघत म्हणाले, "बेटे की शादी के पहले से."

नवरा चिठ्ठी वाचण्यात गढून गेला. मी सासूबाईंकडे वळले.

"आई, तेव्हा घरात पोळ्या कोण करायचं?"

सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.