दादा पास होईपर्यंत

मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा आमच्या घरी पेढे आले नाहीत. मी पहिल्या वर्गात पास झाले होते आणि दादा दुसऱ्यांदा नापास. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तरी त्या वर्षी आम्ही परीक्षेला बरोबरच बसलो होतो.

वडील मूळचे चाकणकडचे, पिंपरीच्या एका कंपनीत फिटर. पुण्याच्या कॉलेजात सायन्सला माझा नंबर लागल्याचं कळलं, तेव्हा ते जेवता जेवता म्हणाले, "पोरी, एक वरीस थांब. धाकटी कॉलेजात अन् थोरला घरी, बरं दिसत न्हाई. त्याला पास होऊ दे, मग दोघं एकाच लोकलनं जावा."

"आणि जागा गेली तर?"

"हुशार हायेस ना? पुढल्या वर्षी बी मिळंल."

आई भाकरी वाढत राहिली. 'तिला जाऊ दे' एवढं दादाला म्हणता आलं असतं. त्यानं भाजी मागून घेतली.

मी थांबले. रोज दुपारी त्याला बीजगणित शिकवू लागले. तो जांभया द्यायचा, मी पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. शेजारची मैत्रीण सकाळी स्टेशनकडे निघताना मला हाक मारायची. दिवाळीनंतर तिनं दुसऱ्या गल्लीनं जायला सुरुवात केली.

परीक्षा जवळ आली तशी मी दादाला त्याचा नंबर विचारला. त्यानं फॉर्मच भरला नव्हता. वडिलांनी त्याला कंपनीत चिकटवायचं ठरवलं होतं, तेही दिवाळीच्या आधीच.

"मग मला का नाही सांगितलंत?" मी वडिलांना विचारलं.

"तू शिकवत व्हतीस, तो घरात बसत व्हता. नाहीतर दिवसभर उंडारला असता."

जूनमध्ये वडील माझ्याबरोबर कॉलेजात आले. कारकुनानं विचारलं, "वर्ष का गेलं? कारण लिहा." वडील म्हणाले, "आजारी व्हती." मी तसंच लिहून सही केली. सायन्सच्या जागा भरल्या होत्या. आर्ट्सला प्रवेश मिळाला.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी सांगवीचे लोक मला बघायला आले. मुलाच्या काकांनी मॅट्रिकचं वर्ष विचारलं, बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "मधलं एक वर्ष?"

दादा पटकन बोलून गेला, "ती आजारी होती तेव्हा."

चहा संपवून मंडळी उठली. आठ दिवसांनी नकार आला. त्या स्थळाचं मला फारसं वाईट वाटलं नाही. पण मी दादाला विचारलं, "काय झालं होतं रे मला?"

"मला काय माहीत? बाबा सगळ्यांना तसंच सांगतात."

"आणि तू? तू तर रोज माझ्यासमोर बसायचास."

तो चप्पल घालून बाहेर पडला. त्याची सेकंड शिफ्ट होती.

पुढे मी शाळेत नोकरी धरली, लग्नही झालं. भाऊबीजेला दादाला ओवाळते. त्या वर्षाबद्दल आजवर कुणी माझी माफी मागितलेली नाही. न मागता माफी द्यायला मी बांधील नाही.