चाबी काढल्यावर चालणारी नाव

मी सांगून राह्यली, नातसून लिहून राह्यली.

आज मले नदीपल्याड डोळ्याच्या डॉक्टरकडे जाचं होतं. तो दुपारपर्यंतच बसते. अन् आमच्या बुढ्यानं नावेच्या जुन्या इंजिनाले ट्रॅक्टरचा स्विच जोडला. चाबी फिरवून दोरी ओढे, पण इंजिन काही सुरू होईना.

मी गमतीनं म्हटलं, "अजी, चाबी काढून ओढा."

"चाबीबिगर इंजिन चालते का वो?"

काढली, अन् भुर्रकन सुरू! या इंजिनाचं उलटंच आहे. चाबी फिरवून स्विचनं वायर जुळली की ते बंद पडते.

पल्याड थांबवाले चाबी पाहिजे, तर ती अल्याड दगडावर राह्यली. शेवटी बुढ्यानं पेट्रोलची नळी उपटली. डॉक्टर भेटला.

आता बुढा म्हणते, हॉर्नही जोडतो. इंजिन थांबवाची चाबी मी पदराले बांधली. बुढ्याले थांबवाची कोणाजवळ आहे का?